तिसरे खोके: सामानातले काहीच नाही

कविता थांबवून वस्तूंच्या जुळणीकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तू खोक्यात मांडून कलाकृती करण्याकडे, वळल्यापासूनचे माझे हे तिसरे खोके आता बांधणीच्या टप्प्यावर आले आहे. आधीच्या दोन्हींत मायदेशाहून आणलेल्या चीजवस्तू होत्या आणि त्या पाहणाऱ्याला फार लवकर हळवे करीत. या वेळी कुलपाचा उघडा सांगाडा, चष्म्याची एक काच, कोटाची बटणे आणि वापरलेली तिकिटे एवढाच ऐवज आहे, आणि तो सगळा परमुलखात आल्यानंतर जमलेला आहे.

या निर्णयाचे श्रेय कुर्ट श्विटर्स यांना. कविता आणि कोलाज (कागदाचे तुकडे व वस्तू चिकटवून केलेले चित्र) ही दोन्ही माध्यमे हाताळणारे हे जर्मन कलावंत १९३७ मध्ये नॉर्वेला आणि १९४० मध्ये ब्रिटनला पोहोचले. तेथे आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत त्यांना स्थानबद्ध केले गेले, तेव्हा त्यांनी लापशीचीसुद्धा शिल्पे केली, आणि पुढे इंग्लंडमधील कोलाजांत तिथलीच तिकिटे आणि वेष्टणे वापरली. पत्ता बदलला की साहित्यही बदलावे, हे मला पटले आहे. बेल्जियन कवी-कलावंत मार्सेल ब्रोतार्स यांनी १९६४ मध्ये स्वतःच्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या ५० प्रती प्लॅस्टरमध्ये रोवल्या, तो मार्गही मोहक आहे (न खपलेल्या प्रती कोणत्या कवीकडे नसतात?), परंतु त्यात पुस्तकच नायक ठरते आणि मला शब्द पूर्णपणे बाहेर ठेवायचे आहेत.

कुलूप जड असल्याने ते केवळ इपॉक्सी या पक्क्या गोंदावर न सोडता, प्लायला दोन भोके पाडून तांब्याच्या तारेने मागून पिळून बांधले आहे. काचेला मात्र झटपट चिकटणारा गोंद लावलेला नाही, कारण त्याच्या वाफेने काचेवर पांढुरका थर येतो. त्याऐवजी पितळेच्या तीन वाकवलेल्या खिळ्यांनी ती कुलपापासून बोटभर पुढे धरली आहे, त्यामुळे समोरून थोडे बाजूला सरकले की किल्लीचे भोक फुगून मोठे दिसते. तिकिटे थर्मल, म्हणजे उष्णतेने छापल्या जाणाऱ्या, कागदाची आहेत आणि प्रकाशात त्यांची छपाई उडत जाणार, म्हणून अनेकांनी प्रत काढून लावण्याचा सल्ला दिला असता. मी मूळ तिकिटेच ठेवली आहेत, उडू दे.

बटणांचे कोडे तेवढे उरले आहे. ओळीत लावली तर ती विक्रीला मांडल्यासारखी दिसतात, विखुरली तर निव्वळ सजावट होते, म्हणून सध्या मागच्या कॅनव्हासवर ती सैल टाक्यांनी शिवून जागा बदलून पाहतो आहे.