ठेकेदारीचा विमा काढताना: माझा अनुभव

नागपुरात मी आरसीसी आणि ट्रायमिक्स फ्लोअरिंगची (जादा पाणी ओढून घट्ट केलेल्या कॉंक्रीटच्या फरशीची) कामं घेतो. बेसा-मानेवाड्याकडे घरांचे स्लॅब टाकत होतो, तोवर कोणी विमा विचारला नाही. 2024 मध्ये हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याचं काम मिळालं आणि वर्क ऑर्डरमध्येच अट होती: डब्ल्यूसी पॉलिसी (मजुराच्या अपघाताच्या भरपाईचा विमा), कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क (चालू बांधकामाचा विमा) आणि थर्ड पार्टी कव्हर (बाहेरच्यांच्या नुकसानीचा विमा) दाखवा, तरच पहिलं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, निघेल.

पहिलं कोटेशन आलं ते 1991 च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालचं. तो कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. गिट्टी-सिमेंटवाल्याचा त्याच्याशी काय संबंध? परत पाठवलं.

मग दुसरा एजंट. डब्ल्यूसीचा फॉर्म भरताना म्हणाला, "भाऊ, मजुरी आठ हजारच दाखवू. प्रीमियम वाचते. सगळेच करतात." मी मस्टर (मजुरांच्या हजेरीचं रजिस्टर) पुढे ठेवलं आणि कॅल्क्युलेटर घेतला. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कायद्यात मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या मजुरीच्या निम्मे, गुणिले वयाचा फॅक्टर. तीस वर्षांच्या माणसाचा फॅक्टर 207.98, हिशोबात धरायच्या महिन्याच्या मजुरीची मर्यादा 15,000. त्या मर्यादेवर 15,59,850 रुपये. आठ हजारांवर तेच 8,31,920. भरपाई ठरवणारे आयुक्त खरी मजुरी धरणार, विमा कंपनी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवणार आणि मधले सव्वासात लाख माझ्या मानगुटीवर. प्रीमियममध्ये वाचणारे पैसे त्यापुढे चहापाण्याचे. खरी मजुरीच लिहिली.

माणसांची नावं मात्र दिली नाहीत. माझे लोक गोंदिया-बालाघाटकडचे. रोवणी आली की निम्मे गावी, त्यांच्या जागी नवे. म्हणून बिननावाची पॉलिसी, फक्त कामाचा प्रकार आणि संख्या लिहून. सेंटरिंगवाला आणि लोहा बांधणारा, दोघंही पेटी ठेकेदार, म्हणजे माझ्याकडून काम घेणारे छोटे ठेकेदार. त्यांच्या माणसाला काही झालं तर त्याच कायद्याचं कलम 12 मलाच धरायचं. त्यांचे लोक पॉलिसीत वेगळे लिहून घेतले, औषधोपचाराचा खर्चही जोडून घेतला.

ऑल रिस्कमध्ये दोन भाग. पहिल्यात आपलं काम, दुसऱ्यात बाहेरच्या लोकांचं नुकसान. आपला मजूर या 'बाहेरच्यां'त येत नाही, हे बऱ्याच ठेकेदारांना माहीतच नसतं. मालकाची आधीची मालमत्ताही येत नाही. आम्ही कॉंक्रीट ओततो त्या जागेला लागूनच त्यांचं जुनं शेड, आत चालू मशिनरी. त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन (वाढीव कव्हर) घ्यावं लागलं. मेंटेनन्स कव्हरही मागून घेतलं, कारण हस्तांतरणाबरोबर मूळ पॉलिसी संपते आणि दुरुस्तीची जबाबदारी पुढे चालूच असते. कॉंक्रीटच खराब पडलं तर ते तोडून नव्याने टाकण्याचा खर्च कोणी देत नाही, आणि खरं सांगायचं तर द्यायलाही नको.

मे महिन्यात आम्ही रात्रीच ओततो. दुपारी नागपुरात कॉंक्रीट हातात येईपर्यंत घट्ट होतं. अशाच एका रात्री लाइन पंपाच्या (पाइपातून कॉंक्रीट ढकलणाऱ्या पंपाच्या) पाइपाचा जोड सुटला आणि कंपाउंडपलीकडे शेजारच्या कारखान्यात उभ्या दोन गाड्यांवर स्लरी (सिमेंटचं पातळ मिश्रण) उडाली. पोरांनी लगेच पाणी मारलं, तरी एकीच्या काचेवर आणि बॉनेटवर सिमेंट धरलंच. सकाळी शेजारचे मॅनेजर हजर: "सगळा खर्च आम्ही देऊ, एवढं लिहून द्या." दिलं नाही. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट पॉलिसीत असते. चहा पाजला, माफी तोंडी मागितली, फोटो काढले, त्याच दिवशी कंपनीला ईमेल केला आणि त्याची प्रत मॅनेजरना दिली. ते चिडले, त्यांच्या जागी मीही चिडलो असतो.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाड्या बघितल्या, गॅरेजचं एस्टिमेट घेतलं, पंपाच्या भाड्याची पावती आणि त्या रात्रीचं पोअर रजिस्टर (कॉंक्रीट ओतल्याची नोंदवही) मागितलं. रजिस्टर माझा सुपरवायझर रोज भरतो, म्हणून अडलं नाही. एक्सेस (दाव्यातला आपण सोसायचा हिस्सा) कापून बाकी रक्कम मंजूर झाली, एक्सेसची मी भरली. आता पंप लावण्याआधी पाइपाचे सगळे क्लॅम्प तपासून रजिस्टरमध्ये सही घेतो, आणि कंपाउंडच्या भिंतीवर ताडपत्री बांधतो.