दिसणार नाही असं दाखवा

सोलापुरात, निदान आमच्या पूर्व भागात, साठी उलटलेल्या माणसाला कमी ऐकू येणं हा आजार धरत नाहीत. तो नोकरीचा दाखला असतो. उमेदीची वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढली म्हटल्यावर कान जाणारच. त्या धंद्यात पेन्शन नाही, हे मात्र हमखास मिळतं. धोट्याच्या मागात आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे हाणला जातो. असे मागांमागे माग लावलेल्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि पत्र्याचं छप्पर त्यातला काही बाहेर जाऊ देत नाही. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचं नाव कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. यादी आहे तिथेच आहे. कारखान्यात फार तर कोणीतरी कानात कापसाचा बोळा घालायचा, आणि साध्या कापसाने तो आवाज म्हणावा तसा अडत नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, जॉबर होते, माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. शेडमध्ये ते हाताने आणि ओठांनी बोलायचे, समोरचा तेलुगू, कन्नड की मराठी याने काही बिघडायचं नाही. त्यामुळे कान गेल्याचं त्यांना स्वतःला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही पटलं नाही. "मला ऐकू येतंय की. तुमचंच तोंडातल्या तोंडात असतंय."

गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं. गोंगाटाने बिघडलेल्या कानातून आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात; ४,००० हर्ट्झच्या आसपास ऐकण्यात मोठा खड्डा पडतो, आणि वयाने त्यात भर पडते. खालच्या पट्टीचं बरंचसं शाबूत राहतं. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, च, ट, ठ, प ही मंडळी वरची आणि अशक्त. म्हणजे पाच, सात आणि आठ या तिघांतला फक्त 'आ' कानापर्यंत पोचतो. सात रस्त्याला जायचे रिक्षावाल्याने साठ रुपये सांगितले, की अप्पांच्या वाट्याला नुसते आकार-उकार येतात आणि बाकीचं ते अंदाजाने भरतात. अंदाज नेहमी स्वतःच्या सोयीचा असतो, हा भाग वेगळा. आपण ओरडून बोललो तर स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात. म्हणून ओरडलं की ते वैतागतात. ऐकू येतं, कळत नाही.

शेवटी ऐकायचं मशीन घ्यायला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलो. तपासणीचा कागद निघाला: उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, आणि दोन्ही रेघा १,००० हर्ट्झपर्यंत बऱ्या चालून पुढे खाली घसरलेल्या. तो कागद नीट बघायच्या आधीच माझ्या भावाने विचारलं, "मॅडम, दिसणार नाही असं काही आहे का?"

हा प्रश्न त्या खोलीत रोज विचारला जात असणार, कारण मॅडमनी जराही मान न हलवता एक ट्रे पुढे केला. त्यात कानाच्या नळीत पूर्ण आत जाणारं मशीन होतं, हरभऱ्याएवढं. भाऊ खूश. मॅडमनी अप्पांसमोर त्याचा सेल ठेवला, १० नंबरचा, पिवळ्या स्टिकरचा, सहा मिलिमीटरहूनही कमी रुंदीचा. "काका, स्टिकर काढून हा आत घाला बघू."

मागावर तुटलेला धागा ही बोटं बघता बघता गाठ मारून जोडायची. आता त्यांना सुई ओवायलाही आई लागते. सेल दोनदा खाली पडला, तिसऱ्यांदा टेबलाखाली गेला. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढलं की आत हवा जाते आणि मग जीव येतो, म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबायचं. पण एकदा काढलं की मशीन वापरा वा नका वापरू, सेल उतरत राहतो. स्टिकर परत चिकटवून फायदा नाही. सगळ्या कंपन्यांचे रंग एकच: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. नंबर वाचता आला नाही तरी मेडिकलवाल्याला रंग सांगता येतो. ज्याने कोणी हे ठरवलं त्याच्या घरात म्हातारं माणूस असणार, असं मला वाटतं. पिवळा सर्वांत लहान, त्यामुळे काही दिवसांतच संपणारा. म्हणजे सर्वांत कमी दिसणाऱ्या मशीनची खटपट सर्वांत जास्त.

लपण्याची दुसरी किंमतही आहे. मशीन जेवढं लहान तेवढे माइक आणि स्पीकर एकमेकांच्या जवळ, आणि आवाज वाढवला की शिट्टी वाजण्याची भीती जास्त. फार कमी ऐकू येणाऱ्याला ते पुरतच नाही. त्याला कानामागचं दणकट मशीन आणि कानाच्या मापाचा, कानात घट्ट बसणारा मोल्ड लागतो. अप्पांचं मात्र उलटं होतं. खालचे आवाज त्यांना नैसर्गिकच ऐकू येतात, मग कान बंद करायचा कशाला? बंद केला की स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो आणि माणूस चार दिवसांत मशीन कपाटात ठेवतो. त्यांच्यासाठी मॅडमनी सुचवलं ते कानामागे बसणारं छोटं मशीन: तिथून केसासारखी बारीक वायर, तिच्या टोकाला स्पीकर, त्यावर भोकं असलेला रबरी डोम, म्हणजे छोटी टोपी. नळी मोकळी राहते, आणि हव्या त्या बारीक आवाजांनाच जोर मिळतो. स्पीकर कानात असल्याने मळ मात्र त्याच्या तोंडावरच्या जाळीत साचतो, ती अधूनमधून बदलावी लागते.

खिशात ठेवायचं, वायरवालं जुनं मशीन आता कोणी मागत नाही. त्यात कापडाची सळसळ ऐकू येते, हे खरं. पण ज्यांचे हात थरथरतात आणि कान फारच गेलेत त्यांच्यासाठी ती मोठी बटणं अजून देवासारखी आहेत, असं माझं मत आहे. फोनवरून मागवतात ती 'आवाज वाढवणारी' स्वस्त यंत्रं मात्र मला नकोत. ती सगळंच सरसकट मोठं करतात, भांडं पडल्याचा आवाजसुद्धा, आणि आधीच मार खाल्लेल्या कानाला तेवढंच नको असतं.

मग आली फीचर्स. किमती काही हजारांपासून जोडीला काही लाखांपर्यंत जातात आणि वरचे पैसे बहुतेक याचेच. गोंगाट कमी करणं हे पहिलं. पंखा, कूलर असा एकसुरी आवाज मशीन ओळखतं आणि बराच दाबतं. मे महिन्यात सोलापुरात कूलर बंद ठेवून कोणी बोलू शकत नाही, तेव्हा हे आम्ही घेतलं. लग्नाच्या पंगतीतला कलकलाट मात्र माणसांच्याच आवाजाचा. त्यातून हवा तो माणूस वेगळा काढणं अवघड. त्यासाठी समोरच्या दिशेने ऐकणारे माइक असतात. समोरासमोर बसून जेवणाऱ्यांना ते फार उपयोगी. पण अप्पा आणि त्यांचे दोस्त कट्ट्यावर एका ओळीत बसतात, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. समोर ऐकणाऱ्या माइकला तिथे फक्त रिक्षा सापडतील. हे सांगितल्यावर मॅडम हसल्या आणि त्यांनी चारी बाजूंनी ऐकणारा एक वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला. बटण दाबलं की कट्टा. गड्ड्याच्या जत्रेसाठी काय करायचं, तर तिथे तुम्हाआम्हालाही काही ऐकू येत नाही.

ब्लूटूथवर भाऊ अडून बसला होता, फोन थेट कानात येतो म्हणून. अप्पांचा फोन बटणांचा. विषय संपला.

घामाचा विचार कोणी करत नाही. पारा ४० च्या पुढे गेला की कानामागून धार लागते, आणि तिथेच चष्म्याची काडी, टोपीची कड आणि आता मशीन अशी गर्दी. धूळ-पाण्याला तोंड देणारं, आयपी ६८ लिहिलेलं घेतलं. रात्री ओल शोषणाऱ्या डबीत ठेवतो. सेलची कटकट नको म्हणून चार्जिंगचं. उजव्यावर लाल खूण, डाव्यावर निळी, त्या कागदावरच्या गोल-फुल्यांसारखीच.

"एकच घेऊ, डावा बरा आहे," हे अप्पांनी शेवटपर्यंत लावून धरलं. पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांत तुलना करून ठरवतो. मागून येणारी एसटी डावीकडून की उजवीकडून, हे एका मशीनवर सोडायला आई तयार नव्हती. ट्रायलला दोन्ही लावून मिळाली. आता पहिले काही आठवडे सगळंच बोचरं ऐकू येतं, हे आधीच सांगितलेलं बरं. अप्पांना वर्तमानपत्राचं पान उलटलेलं सहन होईना. आवाज थोडा उतरवला, मग हळूहळू चढवला. त्याला दोन-चार खेपा पडतात, आणि विकून झाल्यावर त्या खेपांना कंटाळणाऱ्याकडून मशीन घेऊच नये.

परवा त्यांचा सायझिंगमधला, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातला जुना दोस्त घरी आला. अप्पांच्या कानामागे बघून म्हणाला, "हे दिसालंय की रे. मला लपणारं पाहिजे. कितीला आहे?"

अप्पांनी किंमत सांगितली नाही. "कुणाचं ऐकायचंय तुला?"

तो जरा गोंधळला. बायको, टीव्ही, देवळातलं भजन, असं करत करत गाडी हैदराबादच्या नातीवर आली. रोज रात्री फोन करते, भराभर बोलते, याला निम्मं कळत नाही; मग हा नुसता हो हो करतो आणि तिच्या ते लक्षात येतं.

"मग तुला ब्लूटूथ लागंल," अप्पा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "फोन कुठला आहे, बघू."