तुमची वेल सडत कशी नाही?

आमच्या गॅलरीत गजाला टांगलेली ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ची वेल आता फरशीला टेकली आहे. दोऱ्यासारखे बारीक देठ आणि त्यावर समोरासमोर बदामाच्या आकाराची, रुपेरी नक्षीची मांसल पानं. पाहिलं की जो तो विचारतो, आमची महिन्याभरात सडली, तुमची एवढी कशी वाढली? परवा मैत्रिणीनेही फोनवर हेच विचारलं. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते.

माझीही पहिली वेल सडलीच होती. नर्सरीत सांगितलं होतं, रोज थोडं थोडं पाणी घाला. मी तर हौसेने माहेरच्या शेतातली काळी माती आणि शेणखत भरलं होतं. जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी पाहिलं तर मातीलगतचे देठ काचेसारखे पारदर्शक झालेले. बोट लावलं तर साल सुटून हातात आली. खूप वाईट वाटलं.

माहेर सटाण्याकडचं, घरी डाळिंब. नानांना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “ताण दिला होतास का?” डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात, पानं पिवळी पडून गळायला लागतात, मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण कुंडीतल्या झाडाला ताण द्यायचा असतो हे डोक्यातच आलं नव्हतं. वेलीला मातीत गाठी असतात असं सांगितल्यावर नाना म्हणाले, “मग तिची शिदोरी तिच्यापाशीच आहे की. वरून कशाला भरवतेस?”

खरंच तसं आहे. ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेतली, खडकांवरून लोंबकळणारी. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना ती 1881 मध्ये तिथल्या नाताळ भागातल्या एका डोंगरावर सापडली, म्हणून शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. खडकाच्या फटीत माती मूठभर आणि पाणी पडलं की वाहून जाणारं. म्हणून ती गाठीत आणि पानात पाणी साठवते.

तेव्हा आमच्याकडे पाण्याचा वार ठरलेला नाही. पान दोन बोटांत धरून हलकेच दाबायचं. टणक लागलं तर झारीला हात लावायचा नाही. मऊ पडून दुमडायला लागलं की भरपूर पाणी, कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि खालची ताटली लगेच रिकामी करायची. उन्हाळ्यात माझ्याकडे आठ-दहा दिवसांनी वेळ येते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तीन आठवडेही जातात. पावसाळ्यात कुंडी सरळ आत, खिडकीपाशी घेते. काळी माती पाणी धरून ठेवते, ती द्राक्षा-डाळिंबाला राहू द्या. कोकोपीट, जाडी वाळू आणि विटेचा चुरा सारखे घ्या, मूठभर गांडूळखत पुरे. कुंडी मातीची आणि लहान हवी. मोठ्या कुंडीत ओल राहते.

पूर्वेचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळालं तर पानावरची नक्षी उठून दिसते. अंधारात ठेवलं तर दोन पेरांत वीत-वीत अंतर पडतं आणि वेल विरळ होते. वरून टक्कल पडलंच तर एखादा देठ मातीवरच गोल गुंडाळून ठेवा, पेरापेराला मुळं धरतात. पिठ्या ढेकूण दिसला की कापसाला स्पिरिट लावून पुसायचं.

आता मला सगळ्यात आवडतं ते फूल. जेमतेम इंचभर. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाच काळपट पाकळ्या टोकाशी जुळून झालेला इवलासा पिंजरा. नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. चिलटासारखी माशी आत उतरते आणि तिला वर येता येत नाही. केस सुकले की तिची सुटका होते, तोवर परागांचा पुंजका तिला चिकटलेला असतो. गळून पडलेलं एक फूल मी ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली पाहिलं, तर तळाशी एक माशी अजून होती.

ही फुलं मी आधी कुठेतरी पाहिली होती! श्रावणात नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर गवतात उभं असलेलं कंदीलपुष्प याच वंशातलं, आपल्या रुईच्या कुळातलं. सेरोपेजिया अंजनेरिका या जातीचं वर्णन 2006 मध्ये प्रसिद्ध झालं, तिच्या नावातच आपला डोंगर आहे. तीही कंदावर जगते, पावसात वर येते, फुलते आणि मातीखाली निजते. ती बघायला जरूर जा, पण कृपा करून उपटून आणू नका. ती फार थोडी उरली आहेत.

घरच्या कुंडीसाठी गाठी माझ्याकडे आहेत. लोंबणाऱ्या देठावर पेरापाशी फुटाण्याएवढ्या गाठी धरतात, त्या मी देठाच्या तुकड्यासकट काढून काडेपेटीत ठेवते. मातीत पुरायची नाही, नुसती वर टेकवायची. मूळ फुटेपर्यंत माती जराशी ओलसर ठेवायची, नंतर पान दाबून बघायचं. गंगापूर रोडला आलात की घेऊन जा.