तुम्ही विचारलंत म्हणून: व्हायरसवर औषध का नाही?

मी झाडांच्या व्हायरसवर काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग मारायचं काय ते सांगा." विचारणारे बहुतेक पपईवाले. शहाद्याकडचा माझा मामा तर नुसते फोटो टाकतो आणि खाली एक प्रश्नचिन्ह. शेंड्याची पानं आखडून नुसत्या शिरा उरल्यासारखी, देठावर तेल ओघळल्यासारखे गडद हिरवे पट्टे, फळावर गोल गोल कड्या, म्हणजे रिंगस्पॉट. बुरशीला औषध आहे, अळीला आहे, मग ह्यालाच का नाही, हे इतक्यांदा सांगून झालंय की आता लिहूनच टाकते.

बुरशी आपला संसार घेऊन येते, तिची पेशी वेगळी, भिंत वेगळी, एन्झाइम वेगळे, त्यात झाडाकडे नसलेलं काहीतरी सापडतं आणि औषध तिथे बसतं. रिंगस्पॉट काय घेऊन येतो? साधारण 10,300 अक्षरांची आरएनएची एक दोरी आणि वर प्रोटीनचं वेष्टण, बस. त्या दोरीवरून एक लांबलचक प्रोटीन बनतं, त्याचे तुकडे पडून दहाएक कामाची प्रोटीनं होतात, बाकी सगळा माल झाडाचा.

सुरुवातच बघा. झाडाच्या स्वतःच्या आरएनएच्या डोक्यावर एक टोपी असते, ईआयएफ-फोर-ई नावाचं प्रोटीन ती टोपी धरतं आणि मग रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवायच्या यंत्रावर, काम सुरू होतं. ह्या व्हायरसला टोपीच नाही, तिथे त्याने आपलं व्हीपीजी नावाचं प्रोटीन चिकटवलेलं असतं आणि ते थेट ह्या फोर-ईलाच जाऊन धरतं. सोसायटीचं कार्ड नाही, पण वॉचमन ओळखीचा, तसं. आत शिरलं की झाडाच्याच पेशीतले पडदे वाकवून बारीक बारीक फुगे करायचे आणि त्यात बसून कॉप्या काढायच्या. कॉपी काढणारं एन्झाइम तेवढं त्याचं, पण ह्याच्याच कुळातल्या टर्निप मोझॅक व्हायरसमध्ये त्या एन्झाइमला चिकटलेली झाडाची हीट शॉक प्रोटीनं (बाकीच्या प्रोटीनांना सांभाळणारी) सापडलीत, म्हणजे मदतनीस पण झाडाचेच.

ह्यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते 1993 चं काम. अमेरिकेत विस्कॉन्सिनला ब्रोम मोझॅक हा गवताचा व्हायरस चक्क यीस्टमध्ये वाढवून दाखवला, पाव फुगवतो ते यीस्ट! त्याला लागणारं सामान इतकं मूलभूत की ते यीस्टकडेही असतं, आणि अशा सामानावर औषध मारलं तर व्हायरसच्या आधी झाड बसेल ना.

माणसाच्या काही व्हायरसवर गोळ्या आहेत हे खरंय, त्या व्हायरसच्या स्वतःच्या एन्झाइमवर बसतात, पण एकरभर पपईच्या पेशीपेशीत तसलं काही पोचवायचं कसं आणि कुठल्या भावात?

मग उपाय उलट्या बाजूने, झाडच बदला. मिरचीत ह्याच कुळातल्या व्हायरसना अडवणारा पीव्हीआर-टू नावाचा जीन आहे, ब्रीडर लोक तो कित्येक वर्षं वापरत होते आणि 2002 ला कळलं की तो हाच फोर-ई, थोडासा बदललेला, व्हीपीजीला धरता न येणारा. झाडाचं अडत नाही कारण त्याच्याकडे ह्याच प्रोटीनचा आणखी एक भाऊ असतो. 2016 ला इस्रायलमध्ये काकडीतला फोर-ई क्रिस्परने, म्हणजे जीन कापायच्या तंत्राने, बंद केला तर रिंगस्पॉटच्या काकडीवरच्या प्रकारालाही ती काकडी दाद देईना. अर्थात व्हायरस गप्प बसत नाही, व्हीपीजीत एखादा बदल झाला की मिरचीचं कुलूपही उघडतं.

हे सगळं ऐकून मामा म्हणाला, "म्हणजे घरचाच माणूस फितूर." फितूर कसला, फोर-ई आपलं रोजचं काम करतोय. अशी पपई हाती येईपर्यंत रोगट झाड दिसलं की उपटायचं, कडेने मक्याच्या ओळी लावायच्या. व्हायरस पसरवणाऱ्या माव्यावर फवारणी करून फार उपयोग नाही, तो पानात सोंड घालून काही सेकंदांत व्हायरस देऊन मोकळा होतो, मरायचा तेव्हा मरतो.

गेल्या आठवड्यात मामाचा परत फोटो आला. तो मात्र लाल कोळी होता, म्हणजे कीड, त्याला औषध आहे.