तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर ओपन ॲक्सेसला द्यावा का?

आमच्या विषयात, म्हणजे वनस्पतींच्या वर्गीकरणात, पावसाळाभर सडे (डोंगरमाथ्यावरची कातळाची पठारं) आणि घाट पालथे घालायचे, नमुने दाबून वाळवायचे आणि दिवाळीनंतर पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहायला बसायचं असा रिवाज आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मला हमखास फोन येतात. ‘मॅडम, पेपर ओपन ॲक्सेसला द्यावा का?’ विचारणारे बहुतेक पीएचडीचे विद्यार्थी, अधूनमधून तालुक्याच्या कॉलेजात नव्याने लागलेले प्राध्यापक. प्रश्नाच्या पोटात खरं तर दोन धास्त्या असतात: पैसे किती लागतील, आणि उद्या मुलाखतीत ‘पैसे देऊन छापून आणलंय’ असं कुणी तोंडावर म्हणेल का.

माझं उत्तर ठरलेलं आहे. द्या, पण पदरचा एक रुपया घालू नका. ही दोन्ही एकत्र जमतात हेच बऱ्याच जणांच्या गावी नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ओपन ॲक्सेस म्हणजे वाचणाऱ्याला फुकट, एवढंच. 2002 साली बुडापेस्टहून जो जाहीरनामा निघाला, त्यात दोन वाटा सांगितल्या होत्या: जर्नलंच (संशोधनाची नियतकालिकं) सर्वांना खुली करायची, किंवा लेखकाने आपला पेपर स्वतः एखाद्या खुल्या संग्रहात ठेवायचा. लेखकाकडून फी घेणं हा जर्नल चालवण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. पण मोठ्या प्रकाशकांना तो इतका मानवला, की आपल्याकडे ‘ओपन ॲक्सेस’ आणि ‘पेड’ हे एकच होऊन बसलं.

मागे एका विद्यार्थिनीचा पेपर परदेशी जर्नलमध्ये ॲक्सेप्ट झाला. अभिनंदनाच्या मेलमध्ये एक लिंक होती. ती उघडली तर वरती मोठ्या चौकटीत ‘ओपन ॲक्सेस’, शेजारी त्याचे फायदे आणि खाली डॉलरमधली रक्कम. दुसरा पर्याय, सबस्क्रिप्शन, शून्य खर्च, तळाशी बारीक अक्षरात. मुलगी घाबरून गेली. तिला वाटलं, पैसे भरले नाहीत तर पेपर परत जाणार. तसं काही नसतं. अशा जर्नलना हायब्रिड म्हणतात: ग्रंथालयांकडून वर्गणी घेतात आणि खुला करायचा असेल तर लेखकाकडूनही घेतात. रिव्ह्यू करणारे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे, आम्ही तर बिनपगारीच. हायब्रिडमध्ये पैसे भरून पेपर खुला करणं मला कधीच पटलेलं नाही. तिने खालचा पर्याय निवडला, पेपर वेळेवर आला.

रकमांचा अंदाज असावा म्हणून सांगते. दोन-अडीच हजार डॉलर ही आता सर्वसाधारण फी झाली आहे. ‘नेचर’ने 2021 पासून ही सोय सुरू केली तेव्हा आकडा होता 9,500 युरो. आपल्याकडे जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, महिन्याला 37,000 रुपये. म्हणजे साधारण फीसुद्धा पाच-सहा महिन्यांची फेलोशिप गिळते, तीही वेळेवर जमा झाली तर. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडून फेलोशिप घेणाऱ्या मुलांना विचारा, हप्ता कधी येतो ते. फीमाफी असते, पण ती देशाकडे बघून. गरीब देशांना पूर्ण, काहींना अर्धी. आपलं दरडोई उत्पन्न कमी असलं तरी अर्थव्यवस्थेचा एकूण आकार मोठा, त्यामुळे आपण त्या याद्यांत सहसा बसत नाही.

मग एवढा आटापिटा करून पेपर खुला असावाच कशाला? इथे मी जरा जास्त बोलते.

कूकचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा आमचा मूळ ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. आज तो फोनवर, सड्यावर उभं राहून, फुकट उघडता येतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल 1886 पासूनचं. त्याचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात खुले आहेत. पण त्याच झाडावर 2005 साली एखाद्या इंग्लंड-अमेरिकेच्या जर्नलात कुणी लिहिलं असेल, तर ते कुलपात. साहेबाने शंभर वर्षांपूर्वी काय पाहिलं ते आपल्याला घरबसल्या वाचायला मिळतं आणि आपल्याच माणसाने वीस वर्षांपूर्वी काय पाहिलं ते नाही. लहान कॉलेजातून वर्गीकरणाचं काम करणाऱ्याला ही मधल्या काळातली भगदाडं फार नडतात. एखादी प्रजाती नवी आहे असं म्हणायचं तर तिच्या सगळ्या भावंडांची मूळ वर्णनं वाचावीच लागतात.

आणि वाचणारे फक्त प्राध्यापक नसतात. एका वनरक्षकाने मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला होता. त्याच्या बीटमधल्या सड्यावर उगवणाऱ्या कंदीलपुष्प या रानफुलावरचा पेपर, त्याला गोषवारा दिसत होता आणि खाली चाळीसएक डॉलरची मागणी. मागच्या पावसात त्या अभ्यासकांना ती जागा यानेच दाखवली होती, चहाही पाजला होता. खाली नुसतं लिहिलं होतं, ‘मॅडम, हे कसं वाचायचं?’ मी लेखकांकडून पीडीएफ मागवून दिली. सड्यावर रस्ता किंवा चिऱ्याची खाण येते तेव्हा कागद फिरवणारा हाच माणूस असतो, किंवा गावातली जैवविविधता समिती.

‘आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय की’, असं हल्ली ऐकवतात. संस्थांसाठी जर्नलांची वर्गणी सरकारच भरतं, चांगली योजना आहे. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नलं, 2025 पासून सुरू. पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या लोकांसाठी. वनरक्षक त्यात नाही, निवृत्त शिक्षक नाही, पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थीही नाही. वर्गणी सरकारने भरली म्हणून पेपर खुला होत नाही.

तर बिनपैशाच्या वाटा. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव कोइमतूरच्या ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’चं. वाचकाला फुकट, लेखकालाही फुकट, आणि सह्याद्रीवरच्या कितीतरी नोंदी तिथे आल्या आहेत. ‘करंट सायन्स’ 1932 पासून चालू आहे, तेही खुलं. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं अकॅडमीच्या साइटवर वाचता येतात. विषय वेगळा असेल तर डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत जा. तिथे फी न घेणारी जर्नलं वेगळी चाळून काढता येतात. ही सोय कुणी वापरतच नाही, याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

पण कधी योग्य जर्नल हे सबस्क्रिप्शनचंच असतं. न्यूझीलंडहून निघणाऱ्या ‘फायटोटॅक्सा’त तुमच्या वनस्पतीच्या कुळाचे जाणकार संपादक असतील, तर खुशाल तिथे द्या. बिनखर्चाचा पर्याय घ्या आणि पुढचं काम स्वतः करा. रिव्ह्यू होऊन सुधारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली तुमची वर्डमधली प्रत बहुतेक प्रकाशक खुल्या संग्रहात ठेवू देतात. काही लगेच, बरेचसे वर्षभराने. प्रत्येक जर्नलचा नियम त्याच्या साइटवर असतो, तो आधी बघा. विद्यापीठाचा संग्रह नसेल तर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा झेनोडो हा खुला संग्रह आहे, फुकट आणि डीओआयसकट (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक). एकच सावधगिरी: नव्या प्रजातीचा पेपर छापून येण्याआधी प्रीप्रिंट (रिव्ह्यूआधीची खुली प्रत) म्हणून कुठेही टाकू नका. नामकरणाच्या नियमांनुसार रीतसर प्रसिद्ध न झालेलं नाव इकडेतिकडे फिरू लागलं की पुढे निस्तरणं कठीण जातं.

आता दुसरी धास्ती. ‘48 तासांत प्रकाशन, आयएसएसएन, सर्टिफिकेट, फी फक्त 1,500’ असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. हेही स्वतःला ओपन ॲक्सेसच म्हणवतात, आणि बदनामी त्यातून झाली. 2013 साली ‘सायन्स’च्या एका पत्रकाराने ढोबळ चुकांनी भरलेला बनावट पेपर 304 खुल्या जर्नलांना पाठवला, 157 जणांनी तो स्वीकारला. (सबस्क्रिप्शनवाल्यांना त्याने पाठवलाच नाही, हेही लक्षात ठेवा.) 2019 मध्ये अमेरिकी न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या जर्नलांच्या प्रकाशकाला फसवणुकीबद्दल 5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर ही मान्य जर्नलांची यादी होती तेव्हा लोक डोळे मिटून तिच्यावर विसंबायचे. 2025 मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि पारख करण्याचं काम संस्थांवर सोपवलं. मुलाखतीत कुणी विचारलंच तर फी भरली नसल्याचं सांगा आणि रिव्ह्यूअरचे शेरे दाखवा. मी मुलांना ते शेरे आणि आपली उत्तरं छापून फाइलला लावायला सांगते. दोन पानी खरमरीत शेऱ्यांइतका चांगला पुरावा दुसरा नाही. आणखी एक: पीएचडीच्या 2022 च्या नियमांत यूजीसीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. विद्यापीठाचं परिपत्रक नीट वाचा, उगाच घाईने त्या 1,500 वाल्यांच्या नादी लागू नका.

पेपर ओपन ॲक्सेस केला की सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले त्याचे उल्लेख, खरंच वाढतात का, असंही विचारतात. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्या आशेवर निर्णय घेऊ नका.

शेवटी लायसन्सचा प्रश्न येतो, आणि तिथे सगळे न वाचता टिक करतात. सीसी-बाय हे लायसन्स घेतलं तर श्रेय देऊन कुणीही तुमचा मजकूर आणि फोटो वापरू शकतो, व्यापारासाठीसुद्धा. त्याचा फायदा असा की फुलाचा तुमचा फोटो मराठी विकिपीडियावरच्या लेखात रीतसर लागू शकतो. एनसी, म्हणजे व्यापारी वापराला मनाई असलेलं, घेतलं तर विकिपीडिया तो घेत नाही. मी सीसी-बाय सुचवते. मात्र फोटो बरेचदा सोबत आलेल्या एखाद्या हौशी छायाचित्रकाराचे असतात. त्याला याचा अर्थ समजावून सांगा, मेलवर त्याची लेखी संमती घ्या, आणि मगच ते टिक करा.