रिसीव्हर तक्ता: रिलीजचा रकाना अखेर सुटा झाला

अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएल) रिसीव्हरांचं, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंचं, कौशल्य प्रशिक्षकाच्या आखणीपासून वेगळं मोजणारा माझा तक्ता गेल्या नोंदीपासून जिथे अडून बसला होता, तिथून तो हलला. सेपरेशनच्या (रिसीव्हर आणि त्याला अडवणारा यांच्यातलं अंतर) एकाच रकान्याने सगळं गणित फिरवलं होतं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. शॅनहन आणि मॅकव्हे या प्रशिक्षकांच्या पद्धतीत खेळणारे झाडून सगळे वर आणि कडेला एकट्याने झुंजणारे एक्स रिसीव्हर सगळे तळाला. मॅकव्हेचा तेव्हाचा रिसीव्हर कूपर कप वर, हे योग्यच. २०२१ मध्ये १४५ झेल आणि १,९४७ यार्ड काढणारा माणूस आणखी कुठे असणार? पण त्याच्याशेजारी कुणालाही उभं केलं तरी तोही वर जातो, तेव्हा आपण माणूस मोजत नसून आखणी मोजत असतो.

हे अंतर मोजणाऱ्या एनएफएलच्या नेक्स्ट जेन स्टॅट्स यंत्रणेचा आकडा खोटा नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे. खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून ते अंतर मोजतात, पण चेंडू पोचण्याच्या क्षणाचं, आणि तेही त्या रिसीव्हरकडे चेंडू फेकला गेला तरच. स्क्रीन पास (रेषेमागेच दिलेला छोटा पास) घेणाऱ्याभोवती मैदान मोकळंच असतं. खोल गो रूट (सरळ पुढे धावण्याचा मार्ग) धावणाऱ्याच्या कुशीत कॉर्नर, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, असतोच, आणि उत्तम एक्स तिथेही झेल घेतो. हे दोन आकडे एका रांगेत लावण्यात काही अर्थ नाही.

म्हणून प्रत्येक रूटचे चार तुकडे केले: रिलीज (सुरुवातीला कॉर्नरपासून सुटणं), स्टेम (वळणापर्यंतची धाव), ब्रेक (वळण) आणि झेलानंतरची धाव. खरी किल्ली पहिल्या तुकड्यात निघाली. स्नॅपच्या वेळी (चेंडू खेळात येतो तो क्षण) रेषेवर किमान सात जण हवेत, हा नियम. त्यातला एक म्हणजे एक्स. त्याला स्नॅपच्या क्षणी मोशनमध्ये (आडवं हलत) राहता येत नाही, त्यामुळे कॉर्नर थेट त्याच्या नाकासमोर येऊन उभा राहतो. झी, म्हणजे दुसऱ्या कडेचा रिसीव्हर, मात्र यार्डभर मागे असतो, त्याला हलवता येतं. मॅकव्हे त्याला टॅकल या रेषेतल्या खेळाडूच्या जवळ आणून ठेवतो, स्नॅपच्या आधी आडवा पळवतो, आणि कॉर्नरला हात लावायची सोयच उरत नाही. पहिली दोन पावलं प्रशिक्षकाने दिलेली असतात.

आता रिलीजचा रकाना मी तेव्हाच भरतो, जेव्हा कॉर्नर हाताच्या अंतरावर प्रेसमध्ये असतो. बाकी स्नॅपला रकाना रिकामा, शून्य नाही. एवढ्या एका बदलाने तक्ता जागेवर आला. शॅनहनकडे खेळलेल्या डिबो सॅम्युएलच्या रिलीजमध्ये रिकामे चौकोनच जास्त, आणि झेलानंतरच्या धावेत मात्र त्याला जोड नाही. २०२१ मध्ये १,४०५ रिसीव्हिंग यार्ड आणि वर धावून ८ टचडाउन! त्याला एक्सवर उभं करून ‘हा जमत नाही’ म्हणणं अन्याय आहे.

आणि दावांते अ‍ॅडम्स! व्हीएलसी प्लेअरमध्ये त्याचा व्हिडिओ ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहा. (चार्टिंगची, म्हणजे सामना पाहून नोंदी करण्याची, महागडी सॉफ्टवेअर कशाला लागतात, मला कळत नाही. व्हीएलसी आणि एक साधी स्प्रेडशीट पुरते.) स्नॅप होतो, तो पुढे न जाता जागीच छोटी उडी घेतो, पाय फाकलेले, खांदे अगदी चौकोनी. आतला पाय टेकतो न टेकतो तोच कॉर्नरची कंबर आत वळते. त्या फ्रेममध्ये अ‍ॅडम्स एक यार्डही पुढे आलेला नसतो, पण रूट तिथेच जिंकलेला असतो. कबड्डीतला चांगला चढाईपटू पायाने जशी हुल देतो, तशीच ही हुल. हे कौशल्य कुठल्याही पद्धतीत चालतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

वेस्ट कोस्ट आणि कोरियल या आक्रमणाच्या पद्धतींचे रकाने पटापट भरले. वेस्ट कोस्टवाल्या प्रशिक्षक बिल वॉल्शला हवा असायचा पावलं मोजून धावणारा, पळता पळता चेंडू हातात घेऊन वेग न तोडणारा. जेरी राइसला १९८५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) १६ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा त्याच्या वेगाबद्दल शंका होत्या, पण वॉल्शच्या स्लँटला (आत तिरका जाणारा छोटा रूट) घड्याळातला वेग लागतच नव्हता. डॉन कोरियलची अंकांची रूट ट्री (प्रत्येक रूटला एक अंक) उलट मागते: खोल स्टेम आणि पूर्ण वेगातला ब्रेक. १९९९ च्या रॅम्समधले आयझॅक ब्रूस आणि टोरी होल्ट ही त्याची सगळ्यात देखणी फळं.

डोकं फिरवलं ते एरहार्ट-पर्किन्स पद्धतीने. इथे रिसीव्हरला रूट नाही, संकल्पना सांगितली जाते. मधला सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) जागेवर राहिला की सरकला, हे धावता धावता वाचायचं आणि त्याप्रमाणे वळायचं. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनेही तेच वाचलेलं असायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला कसं कळणार कोण चुकलं? माझी कसोटी होती चॅड ओचोसिंको. सिनसिनाटीत २००७ ला १,४४० यार्ड काढणारा, पायांत जादू असलेला माणूस २०११ मध्ये हीच पद्धत खेळणाऱ्या पेट्रियट्सकडे गेला आणि वर्षभरात १५ झेल, २७६ यार्ड. तिथल्याच क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने त्याच वर्षी वेस वेल्करला १२२ झेल दिले. जो तक्ता हे समजावू शकत नाही, तो माझ्या दृष्टीने निरुपयोगी.

त्यात त्या वर्षाच्या सामन्यांचं माझ्याकडे फक्त टीव्ही प्रक्षेपण आहे. ऑल-२२ (सगळे २२ खेळाडू दाखवणारं चित्रीकरण) नसल्याने कडेचे रिसीव्हर स्नॅपनंतर चौकटीबाहेर जातात. रिलीज दिसत नाही, स्टेम दिसत नाही. कितीतरी रात्री यातच गेल्या. मग लक्षात आलं की शेवट मात्र दिसतो! चेंडू जिथे पडतो तिथे कॅमेरा जातोच. ब्रेडीचा चेंडू आत आणि रिसीव्हर बाहेर वळलेला, किंवा चेंडू थांबण्याच्या जागी आणि हा पळत सुटलेला, अशा प्रत्येक पासला ‘मतभेद’ अशी खूण करायची. दोष कुणाचा, ते लिहायचंच नाही. मग त्याच क्वार्टरबॅकच्या दुसऱ्या रिसीव्हरशी तुलना करायची. वेल्करच्या रांगेत खुणा तुरळक आहेत, ओचोसिंकोच्या थोड्याशाच पासेसमध्ये त्या दाटीने दिसतात. लॉकआउटमुळे (संघमालक आणि खेळाडूंच्या वादात काम बंद होतं) तो जुलैअखेर संघात आला, उन्हाळ्याचा सराव झालाच नाही, हेही धरायला हवं. पण पाय शाबूत आणि वाचन जुळत नाही, हे चित्र आता तक्त्यात उमटतं.

हे लिहिता लिहिताच एक अडचण समोर आली. अ‍ॅडम्सने पॅकर्स सोडून २०२२ मध्ये रेडर्ससाठी १,५१६ यार्ड काढले, हा मी रिलीज सगळीकडे चालतो याचा पुरावा धरत होतो. पण तिथे चेंडू फेकणारा डेरेक कार त्याचा फ्रेस्नो स्टेट विद्यापीठातला जोडीदार! म्हणजे रिलीजबरोबर वाचनाचं जुळणंही आयतं मिळालं. हा पुरावा बाद. त्याऐवजी २०२३ घेतो: कार गेलेला, क्वार्टरबॅक बदलत राहिलेले, तरी १०३ झेल, १,१४४ यार्ड. ते सामने आता प्रेसचे आणि बिनप्रेसचे वेगळे करून चार्ट करतो आहे.

त्यामुळे क्रमवारीचा बेत सोडला. आता तक्ता ‘बदली’चा असेल: एकच रिसीव्हर, दोन पद्धती, चार तुकडे आणि मतभेद. ओचोसिंको आणि अ‍ॅडम्स आहेतच, त्यांच्यासोबत वेल्कर (डॉल्फिन्सहून पेट्रियट्स), टायरीक हिल (चीफ्सहून डॉल्फिन्स) आणि स्टेफॉन डिग्ज (व्हायकिंग्जहून बिल्स). ब्लॉकिंगचा (बचावपटूला अडवण्याचा) रकानाही जोडतो आहे. फँटसी लीग खेळणारे त्याला विचारत नाहीत, पण आउटसाइड झोन या चेंडू घेऊन धावण्याच्या डावात सेफ्टीला अडवता न येणारा रिसीव्हर मैदानावर टिकत नाही. पुका नाकुआ ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत निवडला जाऊन पहिल्याच वर्षी १,४८६ यार्ड काढतो, त्यात त्याने ब्लॉक करून मिळवलेल्या विश्वासाचा वाटा मोठा आहे.

डिग्जचे २०१९ चे व्हायकिंग्ज सामने कुणी चार्ट केले असतील तर प्रेस आणि बिनप्रेस वेगळं करून पाठवा. स्वरूप जुन्याच नोंदीतलं, फक्त रिकामे चौकोन रिकामेच ठेवा.