अबार्थ पुंटो अपडेट: दुपारी गायब होणारा बूस्ट अखेर पकडला

मंडळी, सापडलं! माझ्या अबार्थ पुंटोत (फियाट पुंटोची टर्बो पेट्रोल आवृत्ती) गेल्या उन्हाळ्यापासून जीव खाणारा पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब (बूस्ट) कमी पडतोय असं सांगणारा कोड, कुठून येत होता ते कळलं, आणि टर्बो ठणठणीत आहे. नागपूरच्या एका वर्कशॉपने टर्बो बदलायचा लाखाच्या वरचा अंदाज हातात ठेवला होता, तोही एकसुद्धा होज (रबरी नळी) न उघडता. तो कागद आता फाडून टाकला.

लक्षणं तुम्हाला पाठ आहेत. सकाळी आर्वीहून तळेगावमार्गे गाडी अशी पळते की विचारू नका. दुपारी तोच रस्ता, तोच पेट्रोल पंप, आणि सत्याग्रही घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनचा दिवा लागतो, ताकद जाते, मागचा ट्रक हॉर्न द्यायला लागतो. कागदावर १४५ एचपी आणि २१२ एनएम, घाटात मात्र साध्या १.२ ची चाल. हिवाळ्यात एकदाही नाही. नवतप्यात हमखास.

प्लग, कॉइल आणि टी-मॅप सेन्सर (हवेचं तापमान आणि दाब मोजणारा) याआधीच नवे बसले आहेत. पाय काढल्यावर जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा काढून उजेडात धरून पाहिला, चीर नाही. टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेटचा दांडा मोकळा फिरतो. मग पुतण्याला शेजारी बसवून, मांडीवर लॅपटॉप देऊन मल्टीईसीयूस्कॅन या तपासणीच्या सॉफ्टवेअरवर घाटातला आलेख काढला. ईसीयू (इंजिनचा संगणक) मागतोय तो दाब आणि मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनच्या तोंडाशी, मिळतोय तो दाब, यांत दुपारी साधारण ३०० मिलिबारची तफावत. सकाळी दोन्ही रेषा एकमेकींवर. म्हणजे टर्बो हवा दाबतोय, पण ती इंजिनपर्यंत पोचत नाही.

(इथे एक कळकळीची विनंती: दोनशे-तीनशे रुपयांचा निळा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचायचं यंत्र) घेऊ नका. तो कोड वाचतो, पण सलग आलेख काढताना मध्येच नोंदी गाळतो, आणि नेमकी हवी ती जागा कोरी राहते.)

गळतीची चाचणी गावातच केली. ठिबकच्या पाइपलाइनची पीव्हीसी टोपी घेतली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, बाहेरून सायकलची ट्यूब गुंडाळून ती टर्बोच्या हवा ओढायच्या तोंडात घट्ट बसवली. ब्रीदरचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत हवेच्या वाटेवर सोडणारा) पाइप काढून त्याचं तोंड बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळा दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, जाऊन ऑइल सील उचलतात. मग पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावून १२ पीएसआयपर्यंत हवा भरली आणि हातपंपाने साबणाचं पाणी मारलं. थंड इंजिनवर एक बुडबुडा नाही. सगळे सांधे कोरडे.

तेव्हा ठरवलं, गाडी ज्या अवस्थेत रुसते त्याच अवस्थेत तपासायची. भर दुपारी घाट चढून-उतरून, इंजिन तापलेलं असताना तडक दुकानात आलो, खालचा ट्रे आधीच काढून ठेवला होता. हवा भरली. सुरुवातीला काहीच नाही. मग दुकानदार दादा खाली झोपले आणि म्हणाले, "भाऊ, हे पाहा ना, इथून बुडबुडे येऊन रायले." इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) तोंडाशी, खालच्या होजच्या क्लिपखालून पांढरा फेस फुगत होता. हवेचा दाब वाढवला की होज क्लिपखालून केसभर सरकायचा, दाब सोडला की परत जागेवर. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही.

होज काढला तेव्हा खरी गंमत कळली. बाहेरून टणक, काळाभोर. आतून बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो, आणि बोटाला चिकट काळं लागतं. तो टर्बोचा होजच नव्हता. आधीच्या मालकाकडे असताना कुणीतरी रेडिएटरचा होज कापून बसवलेला. कूलंटचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. पाणी, ग्लायकॉल, उष्णता, सगळं सोसतात, पण ऑइल लागलं की फुगतात आणि मऊ पडतात. टर्बोच्या हवेत ऑइलची थोडी वाफ असतेच. थंडीत ते रबर क्लिपला धरून राहतं, ४५ डिग्रीच्या दुपारी इंटरकूलर तापला की लोण्यासारखं सुटतं. त्यावर साधी पेचाची क्लिप, ती रबर दबलं की आपोआप घट्ट होत नाही. अशा जागी स्प्रिंगची क्लिप किंवा टी-बोल्ट क्लॅम्पच हवा, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे.

तात्पुरता उपाय म्हणून ऑइल चालणाऱ्या जाड होजचा तुकडा आणि दोन टी-बोल्ट क्लॅम्प लावले. मग दुपारी दोन वाजता घाट. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, आणि तो ढकलणारा हात पाठीला लागला जो मी जवळपास विसरलो होतो. पुतण्या ओरडला, "काका, दोन्ही लाइनी एकच!" वळणावर थांबून आम्ही दोघांनी तो आलेख पुन्हा पाहिला. दिवा लागला नाही. नंतर समृद्धी महामार्गावर विरूळहून चढून १२० च्या मर्यादेत बराच वेळ चालवली, एसी चालू ठेवून. तरीही नाही.

खर्चाचं विचाराल तर या गाडीला दुरुस्तीपेक्षा वाट पाहणं महाग पडतं. पार्ट मागवायचे ते चेसिस नंबरावरून ई-परमध्ये (फियाटची पार्टची यादी) नंबर काढूनच. दिल्लीच्या काश्मिरी गेटहून फोटोवर मागवलेला माल परत पाठवायचा म्हणजे कुरिअरचे पैसे दोनदा. टायमिंग बेल्ट वॉटर पंपासकट पुढच्या हंगामाआधी बदलणार, कारण कापसाच्या दिवसांतली धूळ आणि गाडीचं वय, दोन्ही किलोमीटरपेक्षा जास्त मोजावे लागतात. १९५/५५ आर१६ टायर आर्वीत मिळत नाहीत, नागपूरहूनच आणावे लागतात. आणि १५५ मिमी क्लिअरन्सवर पांदण रस्त्याला ती जात नाही, शेतात बाईक.

आता पुढचं. इथपर्यंत लिहीपर्यंत पूर्ण सिलिकॉन होज किट मागवायचं नक्की होतं. पण साधं सिलिकॉनही ऑइल झिरपू देतं, आतून फ्लुरो अस्तर असलेलंच घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत वेगळी. त्याहून मोठी गोष्ट आत्ता लिहिताना डोक्यात आली: चाचणीसाठी ब्रीदर काढला तेव्हा तो आतून नुसता ओलसर नव्हता, थेंब पडत होते. टर्बो पेट्रोलमध्ये ब्रीदरचा एकदिशा व्हॉल्व्ह उघडा अडकला की बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल हवेच्या वाटेवर ढकलतो. तसं असेल तर कुठलाही होज बसवला तरी तो ऑइलातच भिजणार.

म्हणून किट रद्द. आधी तो व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघतो. एकाच बाजूने हवा गेली तर खालचा ओरिजिनल होज मागवतो. दोन्ही बाजूंनी गेली तर आधी व्हॉल्व्ह, मग होज. कुणी फियाटच्याच लिनिया टी-जेटचा हा व्हॉल्व्ह पुंटोला बसवून पाहिला असेल तर सांगा, दोन्हींचे पार्ट नंबर मी जुळवतोय.